वडिलांना वाटायचं लेकीनं डॉक्टर व्हावं, लेक कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवायला शिकून आली

दरवर्षी ८ नोव्हेंबर उजाडला की मराठी सोशल मीडिया पु. ल. देशपांडेंच्या फोटोंनी भरून जातो. भाईंचा वाढदिवस म्हटल्यावर ते होणारच. २०२१ साली मात्र त्याच दिवशी ज्यांनी गुगल उघडलं, त्यांना तिथे एक वेगळंच चित्र दिसलं. मायक्रोस्कोपसमोर बसलेली एक बाई. चित्रावर क्लिक केलं की नाव यायचं, डॉ. कमल रणदिवे.

त्या दिवशी दुपारपर्यंत 'कोण होत्या कमल रणदिवे' अशा पोस्टी फिरू लागल्या. संध्याकाळी थांबल्या. बहुतेकांत एकच मजकूर इकडून तिकडे उचललेला होता. कॅन्सरवर संशोधन केलं, पद्मभूषण मिळालं, कुष्ठरोगाची लस शोधली, संपलं. यातलं शेवटचं वाक्य तर जसंच्या तसं खरंही नाही. पण ते पुढे येईलच.

आज कॅन्सरचं नाव काढलं की डॉक्टर जीन, म्युटेशन, हार्मोन रिसेप्टर असे शब्द वापरतात. नाशिकरोडला सकाळची पंचवटी पकडून, हातात फाईल घेऊन दादरला उतरणारी आणि तिथून परळचं टाटा हॉस्पिटल गाठणारी माणसं हे शब्द त्या फाईलमध्ये वाचत असतात. हे शब्द मुळात प्रयोगशाळेतून आले. आणि त्याच परळमध्ये कॅन्सर मुळात होतो का, हे शोधण्यासाठी उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या वाढवणारी, पेशी जगवण्यासाठी लागणारं 'जेवण' स्वतःच्या हातानं तयार करणारी प्रयोगशाळा उभी करण्यात कमल रणदिवेंचा मोठा वाटा होता.

तर सुरुवात पुण्यातून.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. आई शांताबाई, वडील दिनकर दत्तात्रय समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. घरात शिक्षणाला मोकळीक होती आणि वडिलांचा आग्रह असा की सगळ्या मुलांनी शिकावं, त्यातही मुलींनी जास्तच. कमल हुजूरपागेत जायची. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक वगैरे मंडळींनी मुलींसाठी सुरू केलेली ही शाळा. मुलगी हुशार निघाली.

आता हुशार मुलगी म्हटलं की पुढचं ठरलेलं. वडिलांनी दोन गोष्टी मनात धरल्या होत्या. कमलनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. आजही अर्ध्या महाराष्ट्रात हेच चालू आहे, त्यामुळे यात वडिलांना फार दोष देता येणार नाही. पोरीनं दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, उत्तम गुणांनी पदवी घेतली. १३ मे १९३९ ला जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न केलं. ते गणितज्ञ होते.

एमएस्सीसाठी त्यांनी पुण्याचं कृषी महाविद्यालय धरलं आणि विषय घेतला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा. या कुळात सीताफळ, रामफळ वगैरे झाडं येतात. त्यांच्या पेशींमधली गुणसूत्रं कशी आहेत, किती आहेत, हे मायक्रोस्कोपखाली बघायचं. १९४३ मध्ये ही पदवी मिळाली. सीताफळ आणि कॅन्सरचा काय संबंध, असं वाटेल. पण पेशी झाडाची असो की माणसाची, तिचे दोन भाग होताना गुणसूत्रांची वाटणी नीट व्हावी लागते. ती वाटणी बिघडणं हे कॅन्सरच्या पेशीचं एक ठळक लक्षण आहे. गुणसूत्रं बघायला सरावलेली नजर पुढे फुकट जाणार नव्हती. पेशीशास्त्र हा विषय वडिलांनीच सुचवला होता आणि त्याच्या अभ्यासात नवऱ्याची मोठी मदत झाली. म्हणजे डॉक्टरकी नाकारली म्हणून बापलेकीत कायमचं बिनसलं, असं काही झालं नाही.

लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईला आलं. तिथे नोकरी मिळाली ती टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये.

हे हॉस्पिटल तेव्हा अगदी नवं होतं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये हे हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते हेच.

खानोलकरांचा स्वभाव प्रश्न विचारायचा होता. कॅन्सरची गाठ कापून काढली, काचपट्टीवर ठेवली, अहवाल लिहिला, एवढ्यावर ते थांबत नसत. हा कॅन्सर याच माणसाला का झाला, याच जागी का झाला? १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात भारतातल्या सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर सांगितले होते. ओठात खैनी धरून ठेवल्यामुळे होणारा, चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात घेऊन ओढल्यामुळे टाळूला होणारा, आणि तिसरा धोतराचा. हो, धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट काचणाऱ्या धोतरानं त्वचेला इजा होत राहते आणि तिथे कॅन्सर होतो. आज साडीच्या नाडीमुळे कमरेला कॅन्सर झाल्याच्या बातम्या व्हायरल होतात, त्या बातम्यांचं मूळ थेट इथे आहे.

अशा माणसाच्या हाताखाली कमल रणदिवेंनी पीएच.डी. केली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. तेव्हा त्या बत्तिशीच्या आसपास होत्या, संसार होता, मुलगा होता. खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जाऊन शिकून या म्हणून सुचवलं. फेलोशिप मिळाली आणि जागा ठरली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधली डॉ. जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा.

गाय यांच्याकडे काय होतं? ते माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवायचा प्रयत्न करत होते. याला टिश्यू कल्चर म्हणतात. दही विरजण्याशी तुलना करावी असं वाटेल, पण ते सोपं आहे. विरजणातले जीवाणू मुळात स्वतंत्र जगणारे. माणसाची पेशी शरीराबाहेर काढली की पोरकी होते. तिला ३७ अंश तापमान लागतं, साखर, क्षार, प्रथिनं लागतात, आम्लता जराही हलून चालत नाही आणि एक जरी बुरशीचा कण आत गेला तर सगळं संपतं. गाय कोंबडीच्या रक्तातला द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क, बाळाच्या नाळेतलं रक्त असं काहीबाही मिसळून हे अन्न बनवायचे आणि पेशींच्या नळ्या हळूहळू फिरणाऱ्या ड्रममध्ये ठेवायचे.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधल्या पेशी पहिल्यांदा अखंड वाढत राहिल्या. त्या हेला पेशी. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढतायत. त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना मात्र तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.

बाल्टिमोरमध्ये शिकून रणदिवे परत आल्या. 'परत आल्या' हे दोनच शब्द आहेत, पण तिथे थांबता आलं असतं. पुढे आयुष्यभर त्या परदेशी शिकणाऱ्या मुलांना हेच सांगत राहिल्या की शिका आणि इकडे या, इथल्या माणसांसाठी वापरा.

दरम्यान परळला टाटा हॉस्पिटलच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर, आयसीआरसी, उभं राहिलं होतं. खानोलकर त्याचे प्रमुख. रणदिवे तिथे वरिष्ठ संशोधन अधिकारी झाल्या आणि त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी करायला घेतली. भारतातली अशी पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. पेशींना लागणारं द्रव अन्न आज फोन करून मागवता येतं. तेव्हा तसं नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रणदिवे आणि त्यांच्या जीवशास्त्र, रसायनशास्त्रातल्या सहकाऱ्यांनी हे अन्न आणि त्याला लागणारी रसायनं इथेच तयार करायची पद्धत बसवली. असल्या कामाला पुरस्कार मिळत नाहीत. पण ते झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता मुख्य गोष्ट. उंदीर.

माणसात कॅन्सरचं कारण शोधणं अवघड का असतं? कारण प्रत्येक माणूस वेगळा, खातो वेगळं, राहतो वेगळीकडे आणि कॅन्सर व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. उंदरांत भाऊ-बहिणींचं मीलन किमान वीस पिढ्या करत गेलं की एक असा वाण तयार होतो ज्यातले सगळे उंदीर जवळपास जुळ्या भावंडांसारखे असतात. काही वाणांत जवळजवळ प्रत्येक मादीला स्तनाचा कॅन्सर होतो, काहींत क्वचितच. मग फरक कशामुळे, हे तपासता येतं.

१९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा पण भन्नाट प्रयोग जगापुढे ठेवला होता. कॅन्सर होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मताच उचलून कॅन्सर न होणाऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली. पिल्लांमधलं कॅन्सरचं प्रमाण घटलं. म्हणजे फक्त रक्त नाही, आईच्या दुधातूनही काहीतरी येत होतं. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू निघाला. दुसरीकडे फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की नर उंदरांना स्त्री-हार्मोन दिलं तर त्यांनाही स्तनाचा कॅन्सर होतो.

म्हणजे एकाच आजाराच्या तीन चाव्या. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू. रणदिवेंचं काम या तिघांच्या मधोमध होतं. वेगवेगळ्या वाणांचे उंदीर वाढवायचे, त्यांचे हार्मोन बदलायचे, दुधातला विषाणू असताना आणि नसताना काय होतं ते बघायचं, आणि कोणती चावी कधी फिरते ते नोंदवायचं. मुंबईतच वाढवलेला, स्तनाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर होणारा उंदरांचा एक वाण तर आयसीआरसी याच नावानं ओळखला जाऊ लागला. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, आणि काही कॅन्सरचा विषाणूंशी, हे भारतात मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत रणदिवेंचं नाव घेतलं जातं ते या कामामुळे.

मुंबईत हा प्रश्न उंदरांपुरता नव्हताही. पारशी महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे टाटा हॉस्पिटलच्या नोंदींतून दिसत होतं. छोटा समाज, आपापसात लग्नं. मग उंदरांसारखंच इथेही दुधातून काही येतं का? १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन छापून आलं. मुंबईतल्या पारशी महिलांच्या दुधाचे नमुने त्यात तपासले होते आणि परळच्या शास्त्रज्ञांचाही त्यात सहभाग होता. दुधात विषाणूसारखे दिसणारे कण सापडल्याचं त्यात म्हटलं होतं. जगभर खळबळ उडाली. पुढे मात्र माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरमागे असा विषाणू आहे, हे सिद्ध झालं नाही. बाळाला अंगावर पाजल्यानं कॅन्सर पसरतो असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर ते डिलीट करून टाका.

मग हे सगळं वाया गेलं का? इथेच गंमत आहे.

१९६६ हे वर्ष घ्या. त्या वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. एक पेटन राऊस, ज्यांनी १९११ मध्ये कोंबड्यांत विषाणूमुळे कॅन्सर होतो हे दाखवलं होतं. पुरस्कार मिळेपर्यंत ते ८७ वर्षांचे झाले होते. दुसरे चार्ल्स हगिन्स. त्यांनी १९४१ मध्ये दाखवलं की पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर पुरुष-हार्मोनवर पोसला जातो आणि ते हार्मोन तोडलं की गाठ आक्रसते. एका बाजूला विषाणू, दुसऱ्या बाजूला हार्मोन. परळच्या प्रयोगशाळेत ज्या दोन धाग्यांवर काम चालू होतं, नेमके तेच दोन. आणि त्याच १९६६ मध्ये रणदिवे आयसीआरसीच्या प्रभारी संचालक झाल्या. १९७० पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

त्या उंदराच्या विषाणूचं पुढे काय झालं, तेही बघा. १९८२ मध्ये अमेरिकेत कळलं की हा विषाणू उंदराच्या डीएनएमध्ये एका ठराविक जनुकाजवळ जाऊन बसतो आणि ते जनुक चालू करून ठेवतो. हे जनुक पुढे माणसातही सापडलं. त्याच्या कुटुंबाला आज डब्ल्यूएनटी म्हणतात आणि आतड्याच्या कॅन्सरपर्यंत त्याचे धागे जातात. शिवाय याच विषाणूच्या डीएनएमध्ये एक 'बटण' आहे, जे हार्मोनमुळे दाबलं जातं. यात पुरुष-हार्मोनही आलं. म्हणून प्रोस्टेट कॅन्सरवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा हे बटण पेशींत घालून एखादं औषध पुरुष-हार्मोनचा रिसेप्टर बंद करतं की नाही हे तपासतात. बायकांचा आजार समजून ज्या उंदरांवर काम सुरू झालं, त्यांच्या विषाणूचा तुकडा पुरुषांच्या आजाराची औषधं पारखायला वापरला जातोय.

आनुवंशिकतेचंही तसंच. उंदरात जे दिसत होतं त्याचं माणसातलं रेणूंच्या पातळीवरचं उत्तर मिळायला १९९० चं दशक उजाडलं. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर जागा दाखवली, १९९४ मध्ये बीआरसीए-१ जनुक हातात आलं, १९९५ मध्ये बीआरसीए-२. ही जनुकं तुटलेला डीएनए दुरुस्त करायचं काम करतात. ती बिघडलेली असली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

पण एक गोष्ट अजून बऱ्याच घरांत पोचलेली नाही. बीआरसीए हे 'बायकांचं जनुक' नाही. ते वडिलांकडूनही येतं आणि बीआरसीए-२ बिघडलेलं असेल तर पुरुषाला प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो, तोही जरा आक्रमक प्रकारचा. २०२० पासून अमेरिकेत अशा रुग्णांसाठी ओलापॅरिब हे मुळात अंडाशयाच्या कॅन्सरवर आलेलं औषध मंजूर आहे. तेव्हा डॉक्टरांनी घरात कुणाला कॅन्सर होता का म्हणून विचारलं, तर वडिलांच्या प्रोस्टेटबद्दल बोलताना आत्या आणि आजीच्या स्तनाच्या कॅन्सरबद्दलही सांगायचं असतं. आपल्याकडे आजीच्या आजाराचं नावच कुणी घेतलेलं नसतं, ही खरी अडचण.

रणदिवेंच्या प्रयोगशाळेतली आणखी एक गोष्ट तर थेट आपल्या पानाच्या डब्यातली आहे. तंबाखू वाईट हे खानोलकरांच्या काळापासून माहीत होतं. पण सुपारीचं काय? सुपारी म्हणजे पूजेत गणपती म्हणून मांडायची वस्तू, जेवणानंतर सगळ्यांनी खायची. तिच्यावर कोण संशय घेणार? रणदिवे आणि सहकाऱ्यांनी घेतला. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात एक पिशवी असते, तो त्यात दाणे साठवतो. तंबाखूचा बार गालात धरणाऱ्या माणसाच्या तोंडाची नक्कल करायला यापेक्षा चांगली जागा नाही. या पिशवीत सुपारी आणि तंबाखूचा परिणाम तपासला गेला आणि १९७६ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये ते काम छापून आलं. सुपारी निष्पाप नाही, हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हे एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सुपारी स्वतःच, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करते यावर शिक्का मारला तो २००४ मध्ये. मधल्या काळात गुटख्याच्या पुड्या गावोगावच्या टपऱ्यांवर माळेसारख्या लटकल्या होत्या.

आता ते कुष्ठरोगाच्या लसीचं.

कुष्ठरोगाच्या जंतूंची एक खोड आहे, ते प्रयोगशाळेत वाढत नाहीत. आजही कृत्रिम अन्नावर ते कुणाला वाढवता आलेले नाहीत. खानोलकरांना कॅन्सरइतकाच कुष्ठरोगातही रस होता. १९५८ मध्ये आयसीआरसीत बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्याला आयसीआरसी बॅसिलस असं नाव पडलं. नंतरच्या तपासणीत तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या एका लांबच्या भाऊबंदांपैकी आहे असं निघालं. पण शरीराची प्रतिकारशक्ती या भाऊबंदाला बघूनही कुष्ठरोगाविरुद्ध जागी होते, हे लक्षात आलं आणि त्याच संस्थेतल्या नंतरच्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्यापासून लस बनवली. दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले आणि त्यात या लसीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. म्हणजे 'रणदिवेंनी लस शोधली' असं लिहिलं की बाकीच्या माणसांवर अन्याय होतो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जो जंतू वाढवला त्यातून लस झाली, हे जास्त बरोबर. पद्मभूषण १९८२ मध्ये मिळालं.

त्याआधी १९६४ मध्ये त्यांना रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला होता. असा पहिलाच. सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. देणारी संस्था कोण? मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया. म्हणजे देशातल्या डॉक्टरांची सर्वोच्च संस्था, आणि पुरस्कार घेणारी बाई एमबीबीएस नव्हती. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रासाठीचं वाटुमल फाउंडेशनचं पारितोषिकही मिळालं.

प्रभारी संचालक असण्याच्या काळात आणि नंतर त्यांनी कॅन्सर होण्याची प्रक्रिया, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती असे वेगळे विभाग उभे केले. कॅन्सर आणि कुष्ठरोग मिळून दोनशेहून जास्त शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

प्रयोगशाळेत मुली येत होत्या, हुशार होत्या, आणि लग्न-बाळंतपण आलं की गायब होत होत्या. १९७३ मध्ये रणदिवे आणि काही सहकारी महिला शास्त्रज्ञांनी मिळून इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. या संस्थेचं मुख्यालय वाशीत आहे आणि तिथे नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर आहे. महिलांनी विज्ञानात यावं म्हणून पोस्टर छापणारे खूप असतात. मूल सांभाळायला जागा लागते हे ज्यांना स्वतःला मूल सांभाळत पीएच.डी. करावी लागली त्यांनाच सुचलं.

निवृत्तीनंतर त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मानद वैद्यकीय शास्त्रज्ञ होत्या. सत्तरीतल्या या बाईंनी मग जे केलं त्याचा उंदरांशी, पेशींशी काही संबंध नव्हता. नगर जिल्ह्यातला अकोले तालुका आहे, नाशिकच्या इगतपुरीला लागून. मध्ये कळसूबाई. पावसात सुंदर दिसतो म्हणून आता तिथे भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. या तालुक्यातल्या आदिवासी मुलांना खायला काय मिळतं, त्यांची वाढ कशी आहे, याची माहिती रणदिवेंनी १९८९ मध्ये गोळा करून घेतली. त्या भागातल्या गावांमध्ये महिलांना आरोग्याबद्दल सांगायचं कामही महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेमार्फत झालं. आयुष्यभर पेशीला जगायला नेमकं काय आणि किती लागतं हे मोजणाऱ्या शास्त्रज्ञानं शेवटी अकोल्यातल्या पोरांचं पोषण मोजलं.

११ एप्रिल २००१ ला कमल रणदिवे गेल्या. त्यांची संस्था, जी १९६६ मध्येच टाटा हॉस्पिटलबरोबर एकत्र करून टाटा मेमोरियल सेंटर झाली होती, तिचा संशोधन विभाग पुढच्याच वर्षी परळहून नवी मुंबईत खारघरला हलला. आता त्याचं नाव अ‍ॅक्ट्रेक. नाशिकहून गाडीनं येणाऱ्या पेशंटना कसारा घाट उतरल्यावर परळपेक्षा तेच जवळ पडतं.